अण्णांची मूठ

जॉर्जटाउन, पिनांग
११ फेब्रुवारी १९७८

सय्यदु अण्णांना मीरानचा सलाम.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, इकडे कुणी गेलेलं नाही. मैमून बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त. दुकान चालू आहे. सकाळी साडेसहाला रांग लागते, ती कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यापर्यंत जाते. तुमच्या वेळेइतकीच. बरं, थोडी कमी.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. मेथी तुम्ही बडीशेपेच्या आधी भाजत होतात की नंतर? आणि शेरभर धण्याला किती? तुम्ही मसाला करताना दार लावून घ्यायचात, मी पुढे गिऱ्हाइकं सांभाळायचो. तुम्ही गेल्यावर देग माझ्याकडे आली तेव्हा मी काही मोजलं नाही. वासावर वास जुळवत गेलो आणि जमलं. कालचा उरलेला रस्सा आजच्यात ओतायचा, विरजणासारखा, हे तर आपल्या वाप्पाच्या खांद्यावरच्या कावडीपासून चालत आलेलं. तो वास रोज सकाळी मला सांगायचा की आज काय कमी आहे. आता वाटतं, कागदावर असलेलं बरं. वय होत चाललं.

दुसरं असं की रस्सा तयार झाला हे वासाशिवाय आणखी कशावरून कळतं? तेल वर येतं ते मला माहीत आहे. त्याखेरीज काही? सहज विचारतोय.

जानेवारीत मला ताप आला होता, बारा दिवस. आता ठणठणीत आहे.

आणि हो, तुम्ही गेल्यापासून मिरं फार पुरतं. तेव्हा पोतं महिन्यात संपायचं, आता तेच तीन महिने जातं. आठवतं, तुम्ही जाण्याच्या जरा आधी मिऱ्याच्या चोरीचा आळ घेऊन मी दुकानातल्या कादरला काढलं होतं आणि तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता? बघा, शेवटी माझंच खरं निघालं.

परतीच्या टपालाने लिहा. दोन ओळी पुरे.

तुमचा धाकटा
मीरान

५ मार्च १९७८

अण्णा,

पत्र मिळालं नसेल असं समजून हे दुसरं लिहितो. आपल्या गावचा, कडयनल्लूरचा पोस्टमन पत्रं झाडाखाली बसून वाचतो असं वाप्पा म्हणायचे. त्याने वाचलं असेल तर त्याने तरी मेथीचं सांगावं.

माझी सर्दी जरा रेंगाळली आहे. म्हणून मैमूनला म्हटलं, रस्सा चाखून सांग. तिने चाखला आणि म्हणाली, “छान झालाय.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या बाईने आजवर दुसरं काही म्हटलेलं नाही. मागे एकदा मी देगीत मीठच घातलं नव्हतं, तेव्हाही छानच झाला होता.

मग पक्कीरला विचारलं. हा दोन वर्षांपूर्वी तेनकाशीहून आलेला, चाळिशीचा माणूस, पुढे पळी धरतो. तुमच्या पाठीमागे आला, तुम्ही त्याला ओळखत नाही. तो म्हणाला, “भाई, खरं सांगू? मला इथलं सगळंच गोड लागतं. हा रस्सा आहे की खीर?”

“मग तू सांग काय हवं ते.”

“चिंच दुप्पट करा. मिरची तिप्पट. नारळाचं दूध बंद. माझी उम्मा असाच करते.”

माझी मती फिरली होती म्हणा, मी केलं तसं. चिनी सोनार खोर नेहमीप्रमाणे सात वाजता आला. भात, गाभोळी, भेंडी आणि वर रश्श्याचा पूर. दोन घास खाल्ले, रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी त्याच्या दुकानातून अंगठी उचलली. त्याच्यामागचा गोदीतला टॅक्सीवाला बोलला. “काय रे मामा, बायको माहेरी गेली का? कुणाचा राग आमच्यावर काढतोस?” सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी रांग न्हाव्याच्या दुकानापाशीच संपली.

सर्दी नाही अण्णा. काल मैमून मागच्या दाराने धावत आली, तव्यावर माकूळ जळून कोळसा झाली होती, धूर कौलाला लागला होता आणि मी तिथेच, हातभर अंतरावर, कांदा चिरत उभा होतो. ती म्हणाली, “तुम्हाला वास येत नाही?” मी म्हटलं, “मुद्दाम खरपूस करतोय.”

मला वास येत नाही. तापात गेला तो परत आला नाही. लसूण नाही, मासा नाही, गटार नाही. जिभेला खारट, आंबट, गोड एवढं कळतं, बाकी सगळा चिखल. दोन डॉक्टर झाले. एक म्हणतो येईल, दुसरा म्हणतो विसरा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मैमूनलाही नाही. पहिलं तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दूर आहात आणि तसेही माझ्याशी बोलत नाही.

मीरान

२७ मार्च १९७८

अण्णा,

देग संपली.

कशी ते सांगतो. गुरुवारी उकाडा फार होता. उरलेला रस्सा दुपारी कढवून ठेवायचा असतो, मी कढवला, पण बहुतेक पुरता नाही. वर ओलं झाकण ठेवलं. शुक्रवारी पहाटे नव्या रश्श्यात ओतला. रंग नेहमीचा, तेल नेहमीचं, बुडबुडे मोठे आणि संथ. मी आता कानाने स्वयंपाक करतो. कान म्हणाला ठीक आहे.

चाळीस पानं वाढून झाली आणि खोरने तोंडातला घास पानावर काढून ठेवला. सत्तेचाळीस वर्षं खातोय तो आपल्याकडे. उठला, गल्ल्याशी आला आणि माझ्या कानाशी हळू म्हणाला, “मीरान, नासलंय.”

“काय?”

“नासलंय पोरा. वाढू नकोस. माझ्या सुनेने डबा नेलाय मघाशी. मी घरी जातो.”

पक्कीरने देगीत तोंड घातलं आणि नाक दाबून मागे सरला. “भाई! एवढं मढं कुजलंय आणि तुम्हाला कळलं नाही?” रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, “मला सर्दी आहे.” मार्च महिन्यातल्या त्या भट्टीत मी सर्दीचं नाव सांगितलं.

सहा जण आजारी पडले. खोरच्या सुनेला सलाईन लावावं लागलं. सगळे आता बरे आहेत, अल्लाची मेहेरबानी. पक्कीर दुसऱ्या दिवसापासून आला नाही, मशिदीपलीकडच्या नव्या दुकानात पळी धरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या नाकाची कहाणी सांगतो.

देग मी स्वतः गटारात उपडी केली. वाप्पा कावड घेऊन बंदरावर हमालांना वाढत होते तेव्हापासूनचा तो रस्सा. दरवेळी त्यातलं थोडं उरलं, दरवेळी त्यावर नवं चढलं. लढाईत बॉम्ब पडले तेव्हा वाप्पांनी आधी देग उचलली, मग आपल्या दोघांना, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. मी ती धुतली, अण्णा. काथ्याने घासून लख्ख धुतली. आत तळाला वाप्पाच्या पळीने पडलेले ओरखडे दिसतात, इतकी.

आता लाज सोडून मागतो. जाताना तुम्ही बरणीभर रस्सा आटवून, वर तेल घालून नेला होतात. गावाकडे जाणाऱ्याने न्यायचा म्हणून. तो जिवंत ठेवला असेल ना? तुम्ही ठेवलाच असेल. त्यातला वाटीभर पाठवा. जहाजावर ओळखीचा खलाशी बघा, नाहीतर डब्यात झाळून टपालाने पाठवा. वाटीभर मिळालं तर मी पुन्हा देग उभी करीन.

आणि तुम्ही वाचत असाल तर एवढंही वाचा. गोऱ्यांच्या हॉटेलला मी जी करी पुरवायचो, तिचा सगळा दोष माझा होता. त्यांना तिखट नको, वास नको, रंग मात्र हवा होता. डब्याचं दूध, साखर, टोमॅटोचं सॉस. ते वेगळ्या पातेल्यात करत होतो तोवर तुम्ही कुरकुर करून गप्प बसलात. त्या रविवारी उरलेलं वाया जाईल म्हणून मी ते वाप्पाच्या देगीत ओतलं. तुम्ही बघितलंत. म्हणालात, “ही दुखणाइताची पेज आहे. उम्माची करी होती ही. मी तिच्या हातची खाल्लीय, तू पाळण्यात होतास.” मी काय म्हणालो ते मला पाठ आहे, पण आज लिहवत नाही.

मीरान

१७ एप्रिल १९७८

अण्णा,

तुमचं काही नाही. रोज पोस्टमन दिसला की माझा जीव वर येतो आणि तो घड्याळवाल्याकडे वळतो.

कंदूरी, पिराच्या नावाचं गावजेवण, अठरा मे रोजी आहे. दर्ग्याचे हाजी काल येऊन गेले. बसले नाहीत, चहा घेतला नाही, त्यावरूनच कळलं. म्हणाले, “मीरान, पिराच्या कंदूरीला एकतीस वर्षं तुमच्या घरची देग चढते. लोक तो घास खायला कुलीमहून, इपोहहून येतात. पण जे ऐकतोय ते ऐकून मी त्यांच्या पानावर काय वाढू?”

मी म्हटलं, “माझ्यावर सोडा.”

“सोडलं असतं. आठवडा आधी वानगी आण. मी चाखीन. नाहीतर मशिदीपलीकडच्यांना सांगतो. वाईट वाटून घेऊ नकोस.”

म्हणजे पक्कीरच्या हाताने. वाप्पांचा मान, आणि तो आपल्या रश्श्याला खीर म्हणणाऱ्याकडे जाणार.

मी दिवसातून दोनदा करतोय. सकाळी एक, दुपारी एक. मसाल्याच्या पुड्या तराजूत तोलतो, वहीत लिहितो, मैमून चाखते, छान झालंय म्हणते, मी ओतून देतो. बिचारी आता चाखायच्या आधीच रडते. तिला सांगावं लागलं. ती म्हणाली, “मग तुम्ही मलाही ओळखणार नाही का आता?” तिच्या केसांना लवंगेचं तेल असतं, त्याबद्दल म्हणत होती.

अण्णा, ते वाक्य लिहितो. रांगेत तीस माणसं उभी होती आणि मी तुम्हाला अरेतुरे करून म्हणालो, “तू नुसता हात आहेस. दुकान माझ्या तोंडावर चालतं. उम्माची चव हवी असेल तर उम्माच्या गावी जा.” वडीलभावाला, ज्याने मला अंगाखांद्यावर वाढवलं. उम्मा गेली आणि वाप्पा आपल्याला इथे घेऊन आले तेव्हा जहाजावर माझी ओकारी तुम्ही सदऱ्याने पुसली होती. तुम्ही आठ वर्षांचे होतात.

आणि दुसरं, जे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी मी धक्क्यावर आलो होतो. गोदामाच्या आडोशाला उभा होतो. तुमच्या काखेत ती बरणी होती, ट्रंक हमालाकडे दिली पण बरणी दिली नाहीत. तुम्ही दोनदा मागे वळून बघितलंत. मी पुढे आलो नाही. वाटलं, चार महिन्यांत रागाचा पारा उतरेल, येतील.

नाक मुठीत धरून आलोय, आणि तेही नाक आता काही कामाचं राहिलं नाही. शिव्या लिहून पाठवा, पण काही तरी पाठवा. अजून एकतीस दिवस आहेत.

मीरान

४ मे १९७८

सय्यदु,

आज तुला अण्णा म्हणवत नाही. नंतर म्हणेन.

तुझं पत्र काल आलं. चारदा वाचलं. मैमूनला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हसू की रडू. मी दोन्ही करून बघितलं, कशानेही भागलं नाही.

बरणी नाही. बरं. तू लिहितोस, “बसस्टँडजवळ खोपटं घेऊन पहिल्याच दिवशी वाप्पाची करी केली. म्हटलं, गावाला गावाची चव परत देतो. विणकर आले, बसले, एकाने बोट चाटलं आणि विचारलं, हे कुठल्या मुलखाचं? दुसरा म्हणाला, गोड आहे, बाळंतिणीला बरं. चार महिन्यांत खोपटं मोडलं. बरणीला बुरशी आली, ती मी चिंचेखाली पुरली.” आणि सहा वर्षं तू दुसऱ्याच्या टपरीवर चहा ओततोयस. आणि मला कळवत नाहीस!

मग जैनंबू आत्याचं. नव्वदीची म्हातारी, बोळक्या तोंडाने रस्सा चाटून हसत सुटली म्हणे. “हे तुझ्या उम्माचं? अरे, तुझ्या बापाने मला पत्रं टाकली होती. इथले चिनी हमाल दोन घास खाऊन डोळे पुसत उठून जातात, काय करू? मी लिहिलं, मिरची कमी कर. त्याने लिहिलं, केली, अजून उठतात. मी लिहिलं, अजून कमी कर, नारळाचं दूध ओत. मग त्याने लिहिणंच सोडलं, म्हटलं आता बसत असतील.”

म्हणजे आपण कशावरून भांडलो, सय्यदु? मी तिसऱ्यांदा जे केलं ते वाप्पांनी आधी दोनदा केलं होतं. मी दूध ओतलं म्हणून तू घर सोडलंस, आणि वाप्पांनी ओतलेल्या दुधावर आपण दोघं लहानाचे मोठे झालो.

पण मला याचा राग नाही. राग पुढच्या ओळीचा आहे. “उम्माच्या हातची चव मला आठवत नाही. कधीच आठवत नव्हती. तू ऐकावंस म्हणून म्हणायचो.” वीस वर्षं! वीस वर्षं त्या चवीपुढे मी मान खाली घातली. मला तिचा चेहराही आठवत नाही, म्हणून तुला निदान चव आठवते या आधारावर मी जगत होतो. आपल्या दोघांत मिळून थोडी तरी उम्मा उरली आहे असं मला वाटायचं.

एवढं लिहून मी उठलो होतो. आता परत बसलोय. तुम्ही शेवटी जे बारीक अक्षरांत लिहिलंत ते मी आधी नीट वाचलंच नव्हतं. परत येण्याच्या परवान्याची मुदत संपली, तुम्ही दोनदा मद्रासला गेलात, दोनदा खिडकीवरून परत पाठवलं, यादीत नाव नाही म्हणाले. पहिल्यांदा गेलात ते त्र्याहत्तर साली. म्हणजे चार महिन्यांत नाही, पण वर्षभरात तुमचा पारा उतरला होता.

अण्णा, तुम्ही येत होतात. मला ठाऊक नव्हतं.

आता बरणी नाही आणि तुम्हीही येऊ शकत नाही. आठ दिवसांत वानगी द्यायची आहे. मी कुणाकडे जाऊ?

मीरान

१२ मे १९७८

अण्णा,

खोरकडे गेलो. दुसरं कोण होतं? आपली करी सगळ्यात जास्त वर्षं खाल्लेला माणूस तोच. त्याच्या सुनेची आधी माफी मागितली. ती म्हणाली, “भाई, माझं तीन किलो वजन उतरलं, पुन्हा एकदा खिलवाल का?” पोरगी गुणी आहे.

खोर भिंग डोळ्याला लावून साखळी जोडत होता. मी सगळं सांगितलं. नाक, बरणी, तुम्ही, हाजी. शेवटी म्हटलं, “शेठ, मी करतो, तुम्ही चाखा. वाप्पांची चव येईपर्यंत सांगत राहा.”

त्याने भिंग काढलं. “कुठली?”

“कुठली म्हणजे?”

“तुझ्या बापाच्या निदान चार मी खाल्ल्यात. मी पंधरा वर्षांचा होतो, या दुकानात उमेदवारीला. तुझा बाप समोर कावड टेकवायचा. पहिल्या दिवशी मी ढसाढसा रडलो. तिखटाने रे! तो उकिडवा बसून माझं तोंड निरखत होता. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मला वाटायचं, माझीच जीभ तयार झाली.”

“मग?”

“मग माझ्या मालकाने त्याला चक्रीफुलाची पुडी दिली, म्हणाला हे घालून बघ. ती दुसरी. लढाईत नारळ मिळेना, तेव्हाची तिसरी, ती देवाने कुणाला न दाखवो. नंतरची चौथी, घट्ट, काळसर, ती तू लहानपणी खाल्लीस. यातली कुठली करतोस सांग.”

सहा वर्षं, छे, आयुष्यभर जिची शपथ घेतली ती एक वस्तू नव्हतीच.

मी म्हटलं, “तुम्हाला सगळ्यात आवडली ती.”

“ती तुझ्या बापाची नाही. तो गेल्यानंतरची. तुमच्या दोघांची.”

“आमची?”

“तू पुढून देगीत नारळाचं दूध ओतायचास, साखर टाकायचास, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. तू वळलास की तुझा भाऊ मागून यायचा आणि भरडलेलं मिरं मूठभर टाकायचा. रोज. मी रांगेत उभा राहून बघायचो. तुला माहीत नव्हतं?”

अण्णा, मला माहीत नव्हतं.

“तू गोड करायचास, तो तिखट. आधी जिभेला बरं वाटायचं, मग घशात जाळ. तशी करी मी दुसरीकडे खाल्ली नाही. तो गेला त्या दिवसापासून अर्धीच आहे. तुझं नाक जायच्या आधीपासून, बाबा.”

“मग सहा वर्षं येत का राहिलात?”

“सवय,” तो म्हणाला. “आणि वाटायचं, येईल तो.”

मिऱ्याचं पोतं महिन्यात का संपायचं ते मला त्या स्टुलावर बसून कळलं. कादर चोर नव्हता. तुम्ही चार दिवस अबोला धरलात पण खरं सांगितलं नाहीत, आणि मी त्याला पोराबाळांसकट रस्त्यावर काढलं. तो आता बटरवर्थला असतो म्हणतात. कंदूरी झाली की फेरीबोटीने जाऊन त्याचे पाय धरणार आहे. तुमच्यातर्फेही धरतो, कारण त्यात तुमचाही वाटा आहे.

हाजींना वानगी दिली. खोरने चाखून पाठवलेली. ते म्हणाले, “बरी आहे. चढव देग.” बरी म्हणाले. पूर्वी पहिल्या घासाला डोळे मिटायचे.

मीरान

२० मे १९७८

अण्णा,

कंदूरी झाली.

सकाळी दर्ग्याच्या अंगणात देग चढवली. खोर आला, पांढरा सदरा घालून, घरून स्वतःचं स्टूल घेऊन. पाच-सहा म्हातारे कुजबुजले. “पिराची करी आता चिनी सोनार चाखणार का?” खोरला तमिळ कळतं हे त्यांना कुठे माहीत. तो म्हणाला, “मी नाही चाखली तर तुम्हीच आजारी पडाल.” हाजींना आधी हसू फुटलं, मग बाकीच्यांना हसावं लागलं.

मी पुढून नारळाचं दूध ओतलं. साखर टाकली. पळी फिरवली. मग देगीला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो, तुम्ही उभे राहायचात तिथे, आणि मिऱ्यात हात घातला. किती घ्यायचं ते कळेना. मूठ वळली आणि वर आलेल्या तेलात सोडली.

अण्णा, मला झोंबलं.

वास नाही आला. वास कसलाच नाही. पण मिरं तेलात फुटलं आणि नाकाच्या आत, डोळ्यांच्या मागे जाळ गेला, पाणी आलं, सटासट पाच शिंका आल्या. पाच महिन्यांत त्या देगीतून माझ्यापर्यंत पोचलेली ती पहिली गोष्ट. लसूण पोचला नाही, नारळ पोचला नाही, वाप्पांचं चक्रीफूल पोचलं नाही. तुमचं तेवढं पोचलं. लोकांना वाटलं मीरान पिराच्या भक्तीने रडतोय. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडू दिलं स्वतःला, इतक्या वर्षांचं.

खोरने पळीभर घेतलं, फुंकलं, चाखलं. मग म्हणाला, “जवळ आलास. पण कमी आहे. तुझ्या भावाचा हात मोठा होता.”

मी आणखी चिमूट टाकली. तो म्हणाला, “आता अंदाजाने नको. राहू दे.”

लोक जेवले. हाजींनी या खेपेला डोळे मिटले. इपोहहून आलेला एक म्हातारा म्हणाला, अगदी तुझ्या वाप्पांची. मी मान डोलावली. शेवटी देगीत तळाला जे उरलं ते मी घरी आणलं आणि दुपारी कढवलं, दोनदा, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यात ओतलं. मैमूनला चाखायला दिलं. ती म्हणाली, “तिखट आहे हो!” सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिला मिठीच मारली.

परवान्यासाठी इथे अर्ज केला आहे. खिडकीवरचा बाबू म्हणाला, आशा धरू नका. धरली आहे. पण तोवर देग थांबणार नाही आणि खोर बासष्ट वर्षांचा झाला.

म्हणून एक काम करा. मिरं भरडा, फार बारीक नको. त्यात उजवा हात घाला आणि पूर्वी देगीत टाकायचात तेवढं उचला, मी बघत नाहीये असं समजून. दाबून नको, सैलही नको. ते एका फडक्यात बांधा आणि पाठवा. एकच मूठ. मी ती तोलून वहीत लिहीन आणि मग त्याच दिवशी देगीत सोडीन, मागच्या बाजूने.

कागद पाठवला नाहीत तरी चालेल.

तुमचा धाकटा
मीरान